खुब्याला पट्टा हवा का?

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना घरी सोडायच्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, पट्टा कोणता घ्यायचा?’ काहींनी तर मेडिकलमधून आधीच आणलेला असतो. पिशवीतून निघतो कंबरदुखीचा पट्टा! खुब्याचा सांधा त्याच्या बराच खाली, जांघेत खोल. त्याला या पट्ट्याचा पत्ताही लागत नाही.

खुब्याचा खरा ब्रेस वेगळा असतो. कमरेला एक कवच, मांडीला दुसरं, मध्ये बिजागरी. पण हा सांधा स्नायूंच्या जाड थराखाली असल्यामुळे बाहेरून आवळून गोळा वाटीत धरून ठेवता येत नाही. पाय किती वाकावा, किती वळावा यावर ब्रेस फार तर लगाम घालतो. म्हणून पहिल्यांदा सांधा बदलल्यावर, किंवा मोडलेलं हाड रॉड-स्क्रूने बसवल्यावर, मी तो सहसा देत नाही. नवा सांधा निखळला असेल किंवा दुसऱ्यांदा बदलावा लागला असेल, तर काही सर्जन काही आठवडे ब्रेस देतात; त्यानेही पुन्हा निखळणं टळतंच, असा भक्कम पुरावा नाही. दुर्बिणीतून वाटीच्या कडेची कूर्चा शिवली असेल, तर शिवणीवर ताण नको म्हणून अनेकदा ब्रेस असतो. सर्जनने दिला असेल तर मनाने काढू नका. दिला नसेल तर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधू नका. उन्हाळ्यात खाली घामोळं आणि फोड येतात, ते वेगळंच.

ते पैसे कमोडच्या उंच सीटवर घाला. नवा सांधा निखळण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो, आणि बहुधा तो निखळतो वाकताना, उठता-बसताना. विशेषतः मागून चीर दिली असेल, तर बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे उकिडवं बसणं नको, मांडी नको, पायावर पाय नको, आणि पूजा खुर्चीवर बसून. देव रागावत नाही, हे मला प्रत्येक आजीला सांगावं लागतं. सांध्याला खरा आधार नितंबाच्या स्नायूंचा, म्हणून फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम चुकवू नका. काठी ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात धरा. बरेच लोक ती उलट्या हातात धरतात.

एकदम कळ येऊन पाय आखूड झाला, आत वळला, तर ओढूनताणून सरळ करू नका, तसंच झोपवून रुग्णालयात आणा. पोटरी सुजून दुखू लागली किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला, तर तासभरही थांबू नका.