घरात तीन विद्यार्थी, पगार एक

मंजू, दोन मुलं एकदम युनिव्हर्सिटीत आहेत म्हटल्यावर सरकार जरा सांभाळून घेईल, असं तुला वाटतंय ना? तो विचार आधी डोक्यातून काढ. इंग्लंडच्या स्टुडंट फायनान्सला तुझ्या घरात एक मूल शिकतंय की तीन, याने फारसा फरक पडत नाही. ते प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा उघडतात, त्यात तुम्हा दोघांचं उत्पन्न मांडतात आणि त्या मुलाला किती मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्याखाण्याच्या खर्चाचं कर्ज, द्यायचं ते ठरवतात. दुसऱ्याच्या अर्जातही तेच उत्पन्न पुन्हा तसंच मांडतात. तुमचा पगार कागदावर दोनदा मोजला जातो, खात्यात मात्र एकदाच येतो.

नाही म्हणायला एक सवलत आहे. तुमच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक दुसऱ्या मुलामागे तुमच्या उत्पन्नातून १,१३० पौंड वजा धरतात. ऐकायला बरं वाटतं. पण ते उत्पन्नातून वजा होतात, लोनमध्ये मिळत नाहीत. उत्पन्न २५,००० च्या वर गेलं की साधारण दर साडेसहा पौंडांमागे लोन एक पौंड कमी होतं. म्हणजे या सवलतीचे वर्षाला प्रत्येकी पावणेदोनशेही होत नाहीत. तरी ती सोडू नकोस हं. पालकांच्या भागात आणखी कोण अवलंबून आहे ते विचारतात, तिथे दोघांच्याही अर्जात भावंडाची नोंद करायची. शाळेत जाणारं मूल असेल तर तेही धरतात.

आता तुझ्याच घराचा हिशेब करू. आकडे २०२५-२६ चे घेते, दरवर्षी ते थोडे सरकतात. नवऱ्याचे, म्हणजे निखिलचे, ३३,००० आणि तुझे २२,००० मिळून ५५,०००. घर सोडून लंडनबाहेर शिकणाऱ्या मुलाला जास्तीत जास्त १०,५४४ मिळतात, पण ते उत्पन्न २५,००० किंवा त्याहून कमी असेल तर. ही २५,००० ची रेघ २००८ पासून तिथेच आहे. तेव्हा त्या पगारात घर चालायचं, आता दोघं कमावणाऱ्यांतलं क्वचितच कुणी तिच्या खाली बसतं. तुमच्या ५५,००० वर प्रत्येक मुलाला सहा हजारांच्या आसपास मिळतील. वरचे साडेचार हजार कुणी द्यायचे? तुम्ही. हे पत्रात कुठेही स्पष्ट लिहिलेलं नसतं. पैशांचे सल्ले देणारा तो मार्टिन लुईस कित्येक वर्षं ओरडून सांगतोय की पालकांनी किती द्यायचे तो आकडा पत्रातच छापा. तो छापत नाहीत तोवर तूच काढायचा: जास्तीत जास्त लोनमधून आपल्याला मिळणारं लोन वजा. दोन मुलांचे वर्षाला नऊ हजार. मी हे एकदा मंडळाच्या गणपतीत एका बाईंना सांगितलं तर त्यांच्या हातातला मोदक तसाच राहिला.

आणि तेवढ्यानेही पुरेल असं नाही. काही शहरांत युनिव्हर्सिटीच्या हॉलचं, म्हणजे हॉस्टेलचं, भाडं भरल्यावर पूर्ण लोनमधूनही हातात थोडकंच उरतं. म्हणून युनिव्हर्सिटी निवडतानाच मुलांना समोर बसवून हा आकडा दाखव. आपल्याकडे पैशाचं मुलांना सांगायचं नाही, त्यांनी फक्त अभ्यास करायचा, अशी एक जुनी खोड आहे. अठरा वर्षांच्या मुलीच्या नावावर चाळीस वर्षांचं कर्ज चढणार असेल तर तिला घरचं उत्पन्न कळलेलंच बरं.

कर्ज म्हटल्यावर तुझ्या छातीत धस्स होतं, ते मला माहीत आहे. आपल्या डोळ्यांसमोर भारतातलं शैक्षणिक कर्ज असतं. वडिलांची सहकर्जदार म्हणून सही, रक्कम मोठी असेल तर घर नाहीतर जमीन तारण, आणि नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू. इथलं तसं नाही. लोन मुलाच्या नावावर, तुमची जामीनकी नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून ज्यांनी कोर्स सुरू केला त्यांचा प्लॅन फाइव्ह. वर्षाला २५,००० च्या वर जे कमावतील त्याच्या नऊ टक्के पगारातूनच कापले जातात. ३०,००० कमावणाऱ्याचे महिन्याला साडेसदतीस पौंड. नोकरी गेली तर कापणं थांबतं. चाळीस वर्षांनी जे उरेल ते माफ. मग पुण्याची एफडी मोडून, मुलाला कर्ज नको म्हणून सगळं रोख भरायचा हट्ट कशाला? ज्यांच्याकडे खरंच पडून आहेत आणि ज्यांचं मूल खूप कमावणार याची खात्री आहे त्यांनी भरावेत. तू भरू नकोस. मेंटेनन्स लोन मिळेल तेवढं पूर्ण घ्यायचं. एफडी निखिलच्या आईंच्या दुखण्याखुपण्याला लागेल.

एक मात्र आहे. २०२३ च्या ऑगस्टआधी सुरू केलेल्या मुलांचा प्लॅन टू, त्यात तीस वर्षांनी माफी पण व्याज जास्त लागू शकतं. तुझ्या दोघांचा एकच प्लॅन आहे, पण तुझ्या नणंदेच्या घरी थोरल्याचा एक आणि धाकटीचा दुसरा. तिथे दोघांनी एकमेकांची पत्रं बघून घाबरून जायचं काही कारण नाही.

आता पुण्याच्या फ्लॅटबद्दल. भाडं येतं ना? तेही दाखवायचं. ‘ते तिकडचं’ म्हणून बाजूला ठेवतात बरेच जण. इथे कर भरणाऱ्या रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न धरतात. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे नाही. सासूबाईंना दर महिन्याला पाठवता ते पैसे मात्र कुणी वजा करत नाही. आहे हा अन्याय, पण आहे. वजा होतात ते पेन्शनचे पैसे. कामाच्या ठिकाणी पेन्शनमध्ये भरता ते उत्पन्नातून जातात आणि दोन मुलं असली की त्याचा फायदा दोन्ही अर्जांत मिळतो.

मुलांच्या उन्हाळी नोकऱ्यांची काळजी करू नकोस. शनिवार-रविवार दुकानात मिळवलेला पगारही मोजत नाहीत.

आता तुझं. थोरलीने मला सांगितलं की आई नर्सिंगला जायचं म्हणते पण बाबांसमोर विषय काढत नाही. मावशीला सगळं कळतं. ऐक, तुझा हिशेब मी आधी केला, कारण तुझ्या निर्णयावर मुलांचं लोनही हलतं.

पहिली गोष्ट, तू मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. आहेस. एकदा पदवी झाली असेल तर दुसऱ्या पदवीला साधारणपणे लोन मिळत नाही, पण नर्सिंग, मिडवाइफरी अशा काही कोर्सना अपवाद आहे. म्हणून हौसेने इतिहास घेऊ म्हणालीस तर थांबवीन, नर्सिंग म्हणालीस तर नाही. शिवाय नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एनएचएसकडून वर्षाला पाच हजार पौंड मिळतात, ते परत करायचे नसतात. फॉर्म भरायच्या आधी स्टुडंट फायनान्सला फोन करून तुझ्या पदवीबद्दल स्पष्ट विचार आणि उत्तर लेखी घे.

दुसरी गोष्ट, तू नोकरी सोडलीस की घरचं उत्पन्न ५५,००० वरून ३३,००० वर येतं. मुलांचं लोन मात्र दोन वर्षांपूर्वीच्या करवर्षावर ठरतं. २०२५-२६ साठी २०२३-२४ चं उत्पन्न बघतात. तेव्हा तू कमावत होतीस, म्हणून त्यांना सहा हजारच दिसतील. पण उत्पन्न पंधरा टक्के किंवा जास्त घटणार असेल तर चालू वर्षाच्या उत्पन्नावर हिशेब करा असं सांगता येतं. त्याला करंट इयर इन्कम असेसमेंट म्हणतात. हा अर्ज तुम्ही पालकांनी करायचा. कुणी आपणहून सांगत नाही.

पहिल्या वर्षी पूर्ण घट दिसणार नाही. करवर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि तू सप्टेंबरपर्यंत पगार घेतलेला असशील, म्हणजे उत्पन्न साधारण ४२,००० धरलं जाईल. तरी प्रत्येक मुलाचं लोन आठ हजारांच्या जवळ जातं. पुढच्या वर्षी ३३,००० वर ते नऊ हजारांच्या पुढे. दोघांचं मिळून सहा हजारांच्या वर फरक, फक्त एक अर्ज केल्याने. हा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि वर्ष संपल्यावर खरं उत्पन्न किती झालं ते कळवावं लागतं. अंदाज मुद्दाम कमी सांगितलास तर जास्त दिलेले पैसे ते मुलांकडून वसूल करतात. तेव्हा निखिलचा ओव्हरटाइम धरूनच आकडा सांग.

तुला मिळणारं लोन आणि एनएचएसचे पैसे मुलांच्या अर्जात उत्पन्न म्हणून धरत नाहीत. आणखी एक. तू आणि मुलं पूर्णवेळ विद्यार्थी झालात की काउन्सिल टॅक्सच्या नजरेत घरात निखिल एकटाच मोठा माणूस राहतो, म्हणून पंचवीस टक्के सूट मिळते. ती काउन्सिलकडे मागावी लागते, युनिव्हर्सिटीचं पत्र जोडून.

तरीही तुझा पगार गेल्याची तूट आहेच, मी ती लपवत नाही. पण निखिलला हे सगळे आकडे एका कागदावर दाखव. ‘परवडत नाही’ हे वाक्य हिशेबाआधी म्हटलं जातं आमच्याकडेही, आणि ते बहुतेक वेळा बाईच्या शिक्षणाबद्दलच म्हटलं जातं.

त्याच ओघात आणखी एक बोलते, राग मानू नकोस. धाकटा लीड्सला जाणार आणि थोरलीने तेवढं घरून लंडनला जा-ये करायची, असं तुमच्याकडे ठरल्यासारखं वाटलं. घरी राहून शिकणाऱ्याचं लोन कमी असतं, जास्तीत जास्त ८,८७७, आणि तुमच्या उत्पन्नावर साडेचार हजारांच्या आत. म्हणजे तिला मिळणारही कमी, ट्रेनचा पास तिच्याच माथी, आणि घरातली कामं वेगळी. तिला घरीच राहायचं असेल तर राहू दे, ती हुशार आहे. पण पैसे वाचावेत म्हणून एकीनेच राहायचं असेल तर तिच्या पासाचे पैसे तुम्ही द्या. आणि धाकट्याला जे दरमहा पाठवाल त्यातला वाटा तिच्याही खात्यात टाका.

अर्जाचं थोडक्यात सांगते. तारखा ठरलेल्या असतात, मे महिन्यापर्यंत करून टाक म्हणजे सप्टेंबरला पैसे वेळेवर येतील. मुलांनी त्यांचा भाग भरला की तुम्हाला ईमेल येतो, मग नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि उत्पन्न तुम्ही भरायचं, दोन्ही मुलांसाठी आणि दरवर्षी. युनिव्हर्सिटीला माहिती द्यायची परवानगी विचारतात, तिथे हो म्हण. नाहीतर उत्पन्नावर मिळणारी बर्सरी हातची जाते. लोन वर्षातून तीनदा मुलाच्या खात्यात येतं, प्रत्येक टर्मच्या सुरुवातीला. ऑक्टोबरमध्ये मुलं राजासारखी जेवतात आणि डिसेंबरात मॅगीवर येतात. म्हणून तुमचा वाटा एकदम देऊ नकोस, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पाठव.

दुसऱ्या वर्षी मुलं चारचौघांत घर घेतात, तेव्हा गॅरेंटर म्हणून तुमची सही मागतात. एकत्र करार असेल तर दुसऱ्या कुणी भाडं थकवलं तरी तुमच्या दारात येऊ शकतात. सही फक्त आपल्या मुलाच्या वाट्यापुरती आहे असं त्यात लिहून घ्या. दोन मुलं म्हणजे दोन घरं आणि दोन सह्या.

हो, आणि तुझ्या त्या शेजारणीला सांग, स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्यांच्या मुलांना साधारणपणे हे लोन मिळत नाही. कायमचा वास्तव्याचा हक्क आणि कोर्सआधीची तीन वर्षं इथली, असा मूळ नियम आहे. पण मूल अठराच्या आतलं असून सात वर्षं इथे राहिलेलं असेल, किंवा अठराच्या वरचं असून अर्धं आयुष्य इथे गेलं असेल, तर वेगळ्या कलमाखाली मिळू शकतं. तीन वर्षं कायदेशीर वास्तव्याची अट तिथेही आहेच. तिचा मुलगा चौथीत असताना ते आले ना? मग तिने नक्की विचारावं. आणि तिचा भाऊ स्कॉटलंडमध्ये असेल तर यातलं काही त्याला सांगू नका, तिकडचे नियम निराळे आहेत. वेल्सचेही.

शनिवारी दोघांचे पी-सिक्स्टी आणि फ्लॅटच्या भाड्याचा हिशेब घेऊन ये. निखिललाही आण. जेवण माझ्याकडे, थालीपीठ लावते. थोरलीला लॅपटॉप आणायला सांग.