आम्ल, कांती आणि बालत्वचा

चेहऱ्यावरील मृत पेशी दूर करणारी आम्ले आज घरोघरी पोहोचली आहेत. परंतु त्यांचा आधुनिक इतिहास सौंदर्यप्रसाधनांपासून नव्हे, तर एका व्याधीपासून सुरू होतो. इक्थिओसिस या विकारात त्वचेवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे साचतात आणि तो बहुधा बालपणीच दिसू लागतो. अल्फा-हायड्रॉक्सी आम्लांनी हे पापुद्रे सुटतात, हे यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केले. सौंदर्यव्यवसाय मागाहून आला.

ही आम्ले त्वचा खरवडतात, असा समज आहे. वस्तुतः त्वचेच्या बाह्यतम थरातील मृत पेशी सूक्ष्म प्रथिनबंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. त्वचेतील विकरे हे बंध क्रमाक्रमाने तोडतात आणि पेशी आपल्या नकळत गळून पडतात. सौम्य प्रमाणातील आम्ल ही बंधने सैल करून त्याच क्रियेस गती देते.

येथे बाटलीवरील टक्केवारी अर्धीच कथा सांगते. ग्लायकोलिक आम्ल मुक्त, म्हणजे विद्युत्भाररहित, स्वरूपातच त्वचेत सहज शिरते. पीएच ३.८ असता निम्मे आम्ल या स्वरूपात असते. पीएच ५ झाला की जेमतेम ६ टक्के उरते. त्यामुळे ‘१० टक्के’ असे छापलेल्या दोन बाटल्यांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. शिवाय या आम्लांच्या वापराने त्वचा उन्हाला हळवी होते. (दह्यातील लॅक्टिक आम्ल याच कुळातले, पण म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळणे योग्य ठरत नाही. त्याचा पीएच २ च्या आसपास असतो आणि वर ऊन लागले तर फोड येऊ शकतात.)

सॅलिसिलिक आम्लाचा स्वभाव निराळा. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते, म्हणून तेलाने भरलेल्या रोमरंध्रांत उतरते आणि तारुण्यपीटिकांवर अर्धा ते दोन टक्के इतके अल्प प्रमाणही उपयोगी पडते. कुरूपावरील पट्टीत हेच आम्ल ४० टक्के असते, तर गजकर्णावरील जुन्या व्हिटफील्ड मलमात ते बेन्झोइक आम्लाच्या जोडीने येते.

बालरोगतज्ज्ञाला चिंता आहे ती या शेवटच्या वापराची. तीन किलोच्या नवजात बालकाचे त्वचाक्षेत्र वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे अडीच पटीहून अधिक असते. त्यात त्वचा भेगाळलेली असेल, मलम अंगभर चोळले असेल आणि वर लंगोट घट्ट बांधलेला असेल, तर सॅलिसिलेट रक्तात उतरते. इक्थिओसिस असलेल्या बालकांत अशी विषबाधा झाल्याच्या, क्वचित मृत्यूच्याही, नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मोठ्यांच्या नायट्यावरचे उरलेले मलम तान्ह्या बाळाच्या पुरळावर लावणे ही आपल्या घरांतील काटकसर म्हणूनच मला भयावह वाटते.

नऊ-दहा वर्षांच्या मुलींनी आईच्या सीरमचे थेंब चेहऱ्यावर लावण्याची हौस इतकी घातक नाही, पण निरर्थक खचितच आहे. त्या वयात मृत पेशी आपसूक झडत असतात. आम्लाने संरक्षक थर विरळ होतो, आग होते, आणि ती शमविण्यासाठी आणखी एक क्रीम घरात येते.

तान्हे बाळ जोरजोरात श्वास घेत आहे, उलट्या होत आहेत, सुस्ती आहे आणि छातीत काही ऐकू येत नाही, अशा वेळी पोटात काय दिले याबरोबरच अंगाला काय लावले हेही विचारावे, आणि मलमाची नळी घरून मागवून घ्यावी.