सेवापुस्तकाबाहेरची जमा : फांगणे येथील आजीबाईंच्या शाळेच्या निमित्ताने

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. शहापूर तालुक्यातील विद्यार्थी आसनगाव, खर्डी किंवा कसारा स्थानकावरून पहाटेची लोकल पकडतो. मुरबाडला रेल्वे नाही. तेथील विद्यार्थी एस.टी.ने कल्याण गाठतो अथवा औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. अशा माणसाला ‘कारकिर्दीचे चिरस्थायी मूल्य’ ही शब्दयोजना काहीशी चैनीची वाटण्याचा संभव आहे. म्हणून या संकल्पनेचा विचार आपण मुरबाड तालुक्यातीलच एका उदाहरणाच्या आधारे करू.

नोकरीत दोन प्रकारची जमा होत असते. पहिली सेवापुस्तकात नोंदली जाते : रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढ, रजा, बदली. तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. निवृत्तीनंतरची भाकरी तिच्यावरच ठरते. तथापि ही नोंद पदाशी बांधलेली असते. दुसरी जमा कोठेही लिहिली जात नाही. अन्यत्रही उपयोगी पडेल असे कामातून आलेले ज्ञान, आणि आपल्यामागे चालू राहील अशी आपण घडविलेली गोष्ट, हे तिचे स्वरूप होय. चिरस्थायी मूल्य ही संज्ञा येथे या अर्थाने घ्यावी.

फांगणे हे मुरबाड तालुक्यातील लहानसे गाव. योगेंद्र बांगर हे तेव्हा तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक होते. वर्ग, हजेरीपट, पोषण आहाराच्या नोंदी आणि वरिष्ठ कार्यालयाने मागविलेली माहिती यांत प्राथमिक शिक्षकाचा दिवस सरतो, हे तुम्ही जाणताच. २०१६ साली शिवजयंतीच्या सुमारास गावात ग्रंथवाचन चालू असता, आपल्यालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते, अशी खंत वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविली. अशी खंत गावोगावी ऐकू येते आणि तेथेच विरते. येथे मात्र ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, मोतीराम दलाल धर्मादाय न्यासाच्या साहाय्याने साठी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी शाळा उघडली.

गुलाबी नऊवारी, खांद्यावर दप्तर आणि हाती पाटी या वेशामुळे ही शाळा वृत्तपत्रांतून देशभर पोहोचली. अभ्यासकाने मात्र छायाचित्रापाशी थांबू नये. वर्गाची वेळ दुपारी २ ते ४ ठेवण्यात आली. घरचे आणि शेतावरचे काम त्या वेळी काहीसे आवरलेले असते. शिकविण्याचे काम गावातीलच एका तरुण सुनेने स्वीकारले आणि तिच्या विद्यार्थिनींत तिच्या सासूबाईही होत्या! ही व्यवस्था मला या उदाहरणातील सर्वांत मोलाची वाटते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होणारच. जे काम त्याच्या एकट्याच्या उपस्थितीवर उभे असते, ते बदलीच्या आदेशाबरोबर गाव सोडते. शिकविणारा हात गावातच तयार झाला, की ते टिकण्याचा संभव वाढतो. शिवाय उतारवयातील व्यक्तीस अक्षरओळख करून देणे हे मुलांना शिकविण्याहून वेगळे कौशल्य आहे. अनेक वर्षे विळा धरलेला हात पेन्सिलीवर सहज वळत नाही, आणि दृष्टीही मंद झालेली असते. अंगठ्याच्या जागी स्वाक्षरी येईपर्यंतचा हा मार्ग ज्याला उमगला, त्याची ती विद्या कोणत्याही गावी उपयोगी पडेल.

याच परंपरेतील जुना दाखला अनुताई वाघ यांचा. शिक्षिकेची नोकरी केलेल्या अनुताई १९४५ साली ताराबाई मोडक यांच्यासमवेत बोर्डी येथे आल्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, या विचारातून कुरणशाळा आकारास आली. वस्तीत भरणाऱ्या अंगणवाडीची कल्पनाही याच कार्यात रुजली आणि पुढे ती कोसबाडपुरती राहिली नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मालकाने विनावेतन करून घेतलेले जादा काम म्हणजे चिरस्थायी मूल्य नव्हे. तसेच घरकाम, मुले आणि नोकरी या तिन्हींचा भार वाहणाऱ्या स्त्रीकडून संस्था उभारण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. तिच्यासाठी आरंभ लहान असू शकतो : आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेने वस्तीवरील स्त्रियांचे वारंवार येणारे प्रश्न त्यांच्याच बोलीत टिपून ठेवणे, किंवा यंत्रचालकाने बिघाडांची वही ठेवून नव्या मुलास ती समजावून देणे.

स्वाध्याय : तुमची बदली उद्याच झाली, असे समजा. तुमच्या कामातील कोणती गोष्ट तुमच्याबरोबर येईल, कोणती मागे चालू राहील आणि ती कोण चालवील, हे सुमारे १५० शब्दांत लिहा. त्या व्यक्तीशी तुम्ही याविषयी बोलला आहात काय, याचाही उल्लेख करा.