दहशतवादविरोधी धोरणाचे मूल्यमापन : ब्रिटनचा अनुभव

दहशतवादविरोधी राष्ट्रीय धोरण यशस्वी झाले, हे कशावरून ठरवावे? टळलेला हल्ला मोजता येत नाही. मोजल्या जातात त्या अटका, खटले आणि नोंदी. ब्रिटनच्या ‘कॉन्टेस्ट’ या धोरणाचा विचार आम्ही येथे याच दृष्टीने करीत आहोत. 2003 साली आखलेल्या या धोरणाची चार अंगे आहेत : पाठलाग, प्रतिबंध, संरक्षण आणि सज्जता. त्यांपैकी ‘प्रिव्हेंट’ हे प्रतिबंधाचे अंग थेट शाळेच्या वर्गात पोहोचते. अतिरेकी विचारांकडे ओढल्या जाणाऱ्या मुलांकडे लक्ष देणे हे 2015 च्या कायद्याने शाळांचे कर्तव्य ठरविले. (शिक्षकच पहारेकरी वाटू लागला, तर विद्यार्थी त्याच्याजवळ मन मोकळे करील काय?)

जुलै 2024 मध्ये साउथपोर्ट येथे नृत्यवर्गात तीन मुलींची हत्या झाली. हल्लेखोराचे नाव 2019 ते 2021 या काळात तीनदा ‘प्रिव्हेंट’कडे गेले होते; प्रथम गेले तेव्हा तो 13 वर्षांचा होता. त्याच्या ठायी निश्चित विचारसरणी आढळली नाही, म्हणून प्रकरण दर वेळी मिटविले गेले. हिंसेचे वेड दिसत होते. त्याला एखादा ‘वाद’ चिकटलेला नव्हता, एवढेच! 2023 च्या शॉक्रॉस अहवालाने विचारसरणीवर अधिक भर मागितला होता, तर 2025 च्या शासकीय परीक्षणाने या प्रकरणात तिच्या अभावालाच अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नोंदविले.

म्हणून नोंदींच्या संख्येपेक्षा आम्हांस पुढील प्रश्न मोलाचे वाटतात : नोंदीनंतर त्या मुलाला कोण भेटले, किती वेळा भेटले, आणि प्रकरण मिटविताना त्याला कोणाच्या हाती सोपविले?