औषध कीं संभाषण?

देहावरील जखम वैद्यास दिसते. मनावरील दिसत नाहीं. पहिल्या महायुद्धांत अंगावर ओरखडाहि न उठलेले कित्येक शिपाई रात्रीं किंचाळत उठत. कोणाची वाचा जाई, कोणाचे हात कांपत. डॉ. चार्ल्स मायर्स यांच्या १९१५ सालच्या लेखानें ‘शेल शॉक’ हें नांव वैद्यकांत आलें. युद्ध, अपघात, अत्याचार अशा प्रसंगांनंतर जडणाऱ्या या व्याधीस अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनीं १९८० मध्यें जें नांव दिलें, त्यास मराठींत आघातोत्तर तणाव विकृति म्हणतां येईल.

त्या काळीं रुग्णास बहुधा “झालें गेलें विसरा” असाच उपदेश होई. स्कॉटलंडांतील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयाचे डॉ. रिव्हर्स यांस तो घातक वाटला. (निलगिरीच्या तोडा लोकांवर १९०६ सालीं ग्रंथ लिहिणारे ते हेच.) एका अधिकाऱ्यास मित्राचें छिन्नविच्छिन्न प्रेत वारंवार स्वप्नांत दिसे. रिव्हर्स यांनीं त्यास इतकेंच दाखवून दिलें कीं, देहाची अशी दशा झाली त्या अर्थीं मरण तत्क्षणींच आलें. यातना झाल्या नाहींत. पुढें तेंच स्वप्न पडलें, तेव्हां तो मित्राच्या वस्तु आप्तांसाठीं गोळा करीत होता. जागा झाला तो भयानें नव्हे, तर हळूहळू रडत.

हें कार्य गोळीस साधत नाहीं. सर्ट्रालीन व पॅरॉक्सेटीन या औषधांस अमेरिकेंत अनुक्रमें १९९९ व २००१ सालीं या व्याधीसाठीं मान्यता मिळाली. त्यांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात; बंद केल्यावर त्रास उलटूंहि शकतो. तथापि जेथें शिकलेला उपचारक नाहीं, तेथें त्यांचा आधार थोडा नव्हे. बेंझोडायझेपीन वर्गांतील गुंगीच्या गोळ्या मात्र या व्याधींत देऊं नयेत, असें अमेरिकन सेनेच्या व माजी सैनिकांच्या आरोग्यखात्यांनीं २०२३ मध्यें सांगितलें आहे. त्यांनींच आघातावर केंद्रित अशा संभाषणोपचारास औषधापुढें स्थान दिलें आहे. येथें संभाषण म्हणजे गप्पा नव्हेत! साधारणतः आठ ते पंधरा बैठकींत रुग्ण तो प्रसंग पुनःपुन्हां सांगतो व त्याचा लावलेला अर्थ तपासतो. हें कष्टाचें असतें. कित्येक मध्येंच सोडून जातात.

रिव्हर्स यांसहि सर्वत्र यश आलें नाहीं. स्फोटानें उडून एका कुजलेल्या प्रेतावर पडलेला दुसरा एक अधिकारी त्यांजकडे होता. त्या आठवणींत धीर देणारें असें कांहींच त्यांस सांपडेना. अखेर त्याला सैन्य सोडून, पूर्वीं जेथें बरें वाटलें होतें त्या खेड्यांतील शांत जीवनाकडे जाण्यास त्यांनीं साह्य केलें.