अर्धवट राहिलेली गोधडी
(इयत्ता ५ वी ते ७ वी : कार्यानुभव व गणित यांचा संयुक्त पाठ)

खेड्यातील पुष्कळ घरांत माळ्यावर, कणगीमागे अथवा लोखंडी पेटीच्या तळाशी एखादी अर्धवट शिवलेली गोधडी गुंडाळून ठेवलेली आढळते. सुगी आटोपल्यावर उन्हाळ्यात ती शिवावयास घेतलेली असते. पुढे पाऊस लवकर येतो, घरात बाळंतपण निघते, शिवणारीची नजर अधू होते, किंवा ती शिवणारी बाईच जाते. आणि सुई कापडात टोचलेली तशीच राहते. घरात बाजारची ब्लँकेटे आली की या गुंडाळीची आठवणही कोणास राहत नाही. अशी एक गोधडी शाळेत आणून पुरी करणे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

नवी गोधडी का शिवू नये, असा प्रश्न शिक्षकबंधुभगिनींच्या मनात येईल. नव्या कामात मुलांस सर्व काही आपल्या सोयीने मांडता येते. अपुऱ्या कामात मात्र दुसऱ्याने काय योजिले होते ते आधी वाचावे लागते, आणि मग त्याला जोडून आपले काम करावे लागते. तपासणीच्या दिवसापुरती रंगीत कागदाची फुले करण्यापेक्षा हे शिक्षण पुष्कळ खोलवर जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत उत्पादक हस्तव्यवसायाभोवती शिक्षण उभारावे हा विचार मांडला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची सूचना आहे. पाठासाठी वेळ शोधावयाचा तर तो तेथे सापडेल.

पहिली गोष्ट परवानगीची. गोधडी ही नुसती वस्तू नव्हे. तिच्या थरांत आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, कधी एखाद्या न वाढलेल्या मुलाचे अंगडे असते. शिक्षकाने स्वतः घरी जाऊन थोरल्या बाईस विचारावे. मुलाकरवी निरोप धाडू नये. "ती तशीच असू द्या, गुरुजी," असे उत्तर आल्यास आग्रह करू नये. काही गोधड्या अपुऱ्याच ठेवावयाच्या असतात, आणि हे ओळखणे शिक्षकाकडे आहे. त्याचप्रमाणे, ज्या घरात चिंध्यांच्या वाकळीखेरीज दुसरे पांघरूण नाही, त्या घरचे मूल वर्गात संकोचून बसेल, याची जाणीव ठेवावी. कोणाच्या घरी काय पांघरतात हा प्रश्न भर वर्गात विचारू नये.

आता गोधडीच्या रचनेकडे वळू. वर व खाली लुगड्याचे किंवा पातळाचे सलग कापड, मध्ये धोतरे, सदरे, फाटक्या चादरी यांचे थर, आणि हे सर्व एकत्र धरणारा धावदोरा, अशी ही रचना असते. आपल्याकडे शिवण बहुधा कडेपासून सुरू होते व फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जाते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जी 'कवंद' शिवतात, तिचीही शिवण कोपऱ्यापासून निघून कडेकडेने फिरत मध्यापर्यंत जाते. बंगालच्या कांथेचा मुख्य टाकाही धावदोऱ्याचाच. कडेकडून मध्याकडे जाण्यात एक गुण आहे व एक दोषही. कडा प्रथम घट्ट झाल्याने थर विस्कटत नाहीत, हा गुण. पण प्रत्येक फेरीबरोबर कापडाचा सैलपणा पुढे ढकलला जातो व अखेर मध्यभागी साचतो. अर्धवट गोधडी उलगडल्यावर मध्ये जो फुगा दिसतो, त्याचे कारण हेच. कित्येकदा काम सोडून देण्याचे खरे कारणही हा फुगाच असतो. पुढे शिवले तर चुण्या पडणार हे शिवणारीला दिसलेले असते.

गोधडी प्रथम उन्हात पसरून दोन्ही बाजूंनी वाळवावी व हलक्या काठीने झटकावी. धुऊ मात्र नये. न शिवलेले थर पाण्यात सरकतात आणि मग ते पूर्ववत बसत नाहीत. यानंतर मुलांनी तिच्याभोवती बसून तपासणी करावी. कसर लागली आहे काय? उंदराने कुरतडले आहे काय? टोचून राहिलेली सुई गंजून तिचा तांबूस डाग पडला आहे काय? अशी सुई ओढून काढू नये. तिच्याभोवतीचा दोरा कापून ती हळूच सोडवावी. कापडाचा कस पाहण्यासाठी ते दोन चिमटींत धरून बेताने ताणावे. चरचर आवाज होऊन धागे सुटू लागले तर तो भाग मेलेला समजावा. त्यावर धड कापडाचे ठिगळ घालावे. कुजका भाग कापून काढण्याची गरज नाही, आतील थरांस तो भर म्हणून उपयोगीच पडतो. ठिगळास नवे सुती कापड घ्यावयाचे असल्यास ते आधी भिजवून वाळवावे, नाही तर पहिल्या धुण्यात ते आटून भोवतालचे जुने कापड ओढून फाडील. कृत्रिम धाग्याची पातळे ठिगळासाठी घेऊ नयेत. सुती थरांवर ती निसटतात, घाम शोषीत नाहीत, व विस्तवाजवळ वितळून अंगास चिकटतात.

फुग्याचा उपाय असा. शेवटच्या दोन किंवा तीन फेऱ्या उसवाव्यात. सारवलेल्या वा स्वच्छ फरशीच्या जमिनीवर गोधडी पसरून, शिवलेल्या कडेकडून मध्याकडे तळहाताने सर्व थर सारखे करीत न्यावेत. मग मध्यापासून चारही बाजूंस लांब लांब कच्चे टाके घालून थर जागेवर बांधून टाकावेत. उरलेला सैलपणा एका ठिकाणी न ठेवता चार लहान चुण्यांत वाटावा व त्यांवर ठिगळे बसवावीत. घाईने ही पायरी गाळल्यास पुढील सर्व श्रम वाया जातील.

गणिताचा भाग येथे आपोआप येतो. समजा, गोधडी २१० सेंटिमीटर लांब व १५० सेंटिमीटर रुंद आहे आणि दोन फेऱ्यांत २ सेंटिमीटर अंतर आहे. कडेपासून मध्यापर्यंत ७५ सेंटिमीटर, म्हणून ३७ फेऱ्या होतील. त्यांपैकी १२ झाल्या आहेत. "किती काम झाले?" असे विचारताच बहुतेक मुले "एक तृतीयांश" म्हणतील. तसे म्हणू द्यावे, आणि मग मोजावयास लावावे. कडेजवळची पहिली फेरी ७०४ सेंटिमीटर, पुढची ६८८, त्यापुढची ६७२. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून १६ सेंटिमीटरने लहान. १२ फेऱ्यांची बेरीज ७,३९२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ७४ मीटर येते. ३७ फेऱ्यांची १५,३९२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १५४ मीटर. जवळजवळ निम्मे काम त्या बाईने केलेलेच आहे! पाचवीच्या मुलांस ही बेरीज लांबलचक वाटल्यास क्षेत्रफळाचा मार्ग द्यावा. न शिवलेला मधला आयत १६२ गुणिले १०२, म्हणजे १६,५२४ चौरस सेंटिमीटर. एकूण क्षेत्रफळ ३१,५०० चौरस सेंटिमीटर. उत्तर फारसे वेगळे येत नाही. ते तसे का येत नाही, यावर सातवीच्या मुलांनी डोके चालवावे.

उरलेले ८० मीटर शिवावयास दोरा किती लागेल, हे पुस्तकात पाहू नये. एक मीटर दोरा मोजून घ्यावा, तो संपेपर्यंत शिवावे आणि शिवण मोजावी. थर जाड असल्यास दोरा अधिक लागतो. एक टाका व त्यापुढील मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरल्यास उरलेले टाके सुमारे ८,००० होतात. वीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्यास ४०० येतात. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर मुले आजीच्या हाताकडे निराळ्या नजरेने पाहतील.

शिवताना एका वेळी चौघांहून अधिक मुले बसवू नयेत, एका बाजूस एक. सुई मोठ्या नेढ्याची, दोरा सुती व हातभर लांब. त्याहून लांब दोऱ्याची गुंत होते. दोऱ्यास थोडे मेण लावल्यास तो पिळत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान असावे. सुया मोजून द्याव्यात व मोजून घ्याव्यात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत गोधडीची घडी घालू नये. विज्ञानपेटीतील लोहचुंबक थरांवरून फिरवावा. सुई मुलींच्या हाती व हातोडी मुलांच्या हाती, अशी वाटणी करू नये. शिंपी व चांभार यांचे हात पुरुषांचेच असतात, हे मुलांस ठाऊक असते. फक्त वर्गात ते विसरतात.

जुना टाका व नवा टाका यांत फरक दिसणारच. जुन्या शिवणीच्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आहेत ते मोजून तितकेच घालण्याचा प्रयत्न करवावा. पण तो फरक झाकण्यासाठी आजीचे टाके उसवून सारखे करू नयेत. दोऱ्याचा रंग जुळला नाही तरी हरकत नाही. जेथून मुलांचे काम सुरू झाले तेथे वेगळ्या रंगाचा एक टाका घालून ठेवला तर घरच्यांस पुढे ती जागा दाखविता येते. शक्य असल्यास ती शिवणारी बाई, हयात असेल तर, एक दिवस वर्गात येऊन बसावी. डोळ्यांनी सुई ओवता आली नाही तरी बोटांनी थर चाचपून कोठे सैल राहिले ते ती बिनचूक सांगेल. तिच्या बोलण्यातले शब्द मुलांनी तिच्याच उच्चाराप्रमाणे वहीत उतरून घ्यावेत.

मधला शेवटचा तुकडा शिवून झाला की कच्चे टाके काढावेत व कडेची दुमड जेथे उसवली असेल तेथे पक्की करावी. मगच गोधडी रिठ्याच्या पाण्यात भिजवून धुवावी. पिळू नये, पाणी निथळू द्यावे. भिजलेली गोधडी फार जड होते, म्हणून ती दोरीवर न टाकता खाटेवर पसरून सावलीत वाळवावी, आणि पूर्ण वाळल्यावर ज्या घरची असेल त्या घरी मुलांनी स्वतः नेऊन द्यावी.