कळेला अक्षर कोण शिकवते?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई नावाचे गाव आहे. मिरचीच्या बाजारामुळे त्या भागात ते सर्वांच्या परिचयाचे आहे. या गावाचे नाव आपल्याला संगणकाच्या पडद्यावर मराठीत उमटवायचे आहे, असे समजा. कळफलक पाहावा तर त्यावर सगळी रोमन अक्षरे! ‘ळ’ कुठे आहे? ‘ण’ कुठे आहे? मग कोणीतरी म्हणते, “मराठीचा वेगळा कळफलक आणावा लागेल,” आणि काम तिथेच थांबते.

वेगळा कळफलक आणण्याची मुळीच गरज नाही. आपल्यावर कोणते अक्षर छापले आहे, हे कळेला ठाऊकच नसते. छापलेले अक्षर केवळ आपल्या डोळ्यांसाठी असते. दिव्याच्या बटणावर ‘पंखा’ अशी चिठ्ठी चिकटवली तरी बटण दाबल्यावर दिवाच लागतो, तसाच हा प्रकार आहे. मग कळ दाबल्यावर अक्षर येते कोठून? ते पाहू या.

एका आकड्याचा प्रवास

कळफलकाच्या आत आडव्या-उभ्या वाहक पट्ट्यांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी व एक उभी पट्टी एकमेकींना जोडली जाते. आतली एक छोटी चिप ही जाळी सेकंदाला अनेक वेळा तपासत असते. कोणती जोडी जुळली हे कळताच ती संगणकाकडे एक आकडा धाडते. अक्षर नव्हे, आकडा!

रोमन ‘के’ छापलेली कळ दाबा. यूएसबी पद्धतीच्या कळफलकातून १४ हा आकडा निघतो. या पद्धतीत ‘ए’ला ४ क्रमांक दिला असून पुढची अक्षरे ओळीने येतात, ‘के’ अकरावे, म्हणून त्याचा क्रमांक १४. संगणकावर लिनक्स प्रणाली असेल तर तिचा गाभा या १४ चे ३७ करतो, कारण जुन्या पीसीच्या कळफलकांत या कळेचा क्रमांक ३७ होता. यापुढे आकडा पडद्याचा कारभार पाहणाऱ्या भागाकडे जातो आणि तिथे त्यात ८ मिळवले जातात. हे ८ कशासाठी? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली ‘एक्स विंडो सिस्टिम’ तयार होऊ लागली. तिच्या नियमाप्रमाणे कळांचे क्रमांक ८ च्या खाली जाऊ शकत नाहीत. आता तिच्या जागी नवी पद्धत रूढ होत आहे, पण ते ८ अजून मिळवले जातातच. घर बदलले तरी जुने रांजण बरोबर न्यावेत, तसे!

आपला आकडा आता ४५ झाला. इथे खरी गंमत होते. संगणकापाशी एक तक्ता असतो. इंग्रजीच्या तक्त्यात ४५ समोर ‘के’ लिहिलेले असते, तर मराठीच्या तक्त्यात ‘क’. शिफ्ट कळ धरून दाबली तर ‘ख’. ‘क’ म्हणजे तरी काय? युनिकोड या जागतिक संकेतात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. तो क्रमांक फाइलमध्ये साठवला जातो आणि फाँट त्या क्रमांकाचे चित्र पडद्यावर काढतो. म्हणजे १४, ३७, ४५, २३२५ अशी ही वाट. त्यातले पहिले तीन आकडे कळेचे आहेत, अक्षराचे नाहीत. अक्षर येते ते फक्त तक्त्यातून, आणि तो तक्ता म्हणजे वाचता येईल अशी साधी मजकुराची फाइल असते.

कळफलक मराठीचा करायचा म्हणजे इतकेच करायचे: मांडणीच्या सेटिंगमध्ये ‘इंग्रजी’ आणि ‘मराठी’ अशा दोन तक्त्यांची नावे द्यायची आणि एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी एक कळजोडी ठरवायची, उदाहरणार्थ ऑल्ट व शिफ्ट एकदम. खर्च शून्य.

व्याकरणाचे पुस्तक बोटांखाली

मराठीच्या तक्त्यात कोणते अक्षर कुठे ठेवायचे हे कोणी ठरवले? भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ नावाची मांडणी प्रमाण म्हणून स्वीकारली, १९८८ साली तिच्यात सुधारणा झाली, आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. ही मांडणी पाठ करायला बसू नका. मराठी व्याकरणातला वर्णविचाराचा धडा उघडा, म्हणजे ती आपोआप उलगडेल.

उजव्या हाताची बोटे मधल्या ओळीवर ठेवा. ‘के’वर क, ‘एल’वर त, ‘एच’वर प, अर्धविरामाच्या कळेवर च, तिच्या शेजारी ट. हे सारे कठोर वर्ण. आता तेच बोट एक ओळ वर न्या. ‘क’च्या वर ग, ‘त’च्या वर द, ‘प’च्या वर ब, ‘च’च्या वर ज, ‘ट’च्या वर ड. हे सारे मृदू वर्ण! आता शिफ्ट धरा. क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध, म्हणजे अल्पप्राणाचा महाप्राण. पाचही वर्गांतील पहिली चार-चार अक्षरे, एकूण वीस, दहा कळांत बसली.

डावा हात स्वरांचा. मधल्या ओळीत ‘एफ’वर पहिली वेलांटी, ‘जी’वर पहिला उकार, त्यांच्या वरच्या कळांवर दुसरी वेलांटी व दुसरा उकार. ऱ्हस्व मधल्या ओळीत, दीर्घ वरच्या. ‘एस’वर एक मात्रा, तिच्या वर दोन मात्रा. शिफ्ट धरली की चिन्हाऐवजी पूर्ण स्वर येतो. बहुतेक व्यंजने उजवीकडे आणि स्वरचिन्हे डावीकडे असल्यामुळे मराठी लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. गुजराती, कन्नड, तेलुगू या लिप्यांची वर्णमालाही याच क्रमाची. म्हणून त्यांच्या तक्त्यातही क, ग, त यांच्या कळा याच. जालन्यात शिकलेली बोटे बीदरला जाऊन कन्नड उमटवू शकतात.

आता गावाचे नाव उमटवू. एच, एफ, एक्स, एच, शिफ्ट-एन, आय, ई, बी. मग मोकळी जागा. मग जे, एस, शिफ्ट-सी, जी, के, ई, शिफ्ट-आर. पडद्यावर ‘पिंपळगाव रेणुकाई’! मोजून सोळा वेळा कळ दाबली, त्यांत तीनदा शिफ्ट. यातली एक गोष्ट लक्षात आली का? ‘पि’ लिहिताना आपण आधी प दाबला व नंतर वेलांटी, जरी वेलांटी दिसते प च्या आधी. जुन्या रेमिंग्टन धर्तीच्या देवनागरी टंकयंत्रावर याच्या उलट, आधी वेलांटी मारावी लागे, कारण यंत्र केवळ आकार उमटवीत असे. इनस्क्रिप्टमध्ये जसे बोलतो त्या क्रमाने लिहायचे. योग्य जागी चित्र काढणे हे फाँटचे काम.

‘डी’वर हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, आहे. जोडाक्षरे त्यानेच होतात. र च्या बाबतीत मात्र मराठीला एक खास गरज आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात र ‘जे’वरचा; दुसऱ्यात शिफ्ट-जे दाबून येणारा ऱ. बाकी सर्व कळा त्याच. शिफ्ट विसरलात तर सत्कार स्वयंपाक्यांचा व्हायचा तो गुरुजनांचा होईल!

जुन्या मराठी फाइलींविषयी शिक्षकांसाठी दोन शब्द. पूर्वीच्या अनेक फाँटांत साठवला जाई तो रोमन अक्षराचाच क्रमांक; फाँट त्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवी. अशी फाइल ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: मजकूर निवडून फाँट बदला. अक्षरे मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. मुखवटा गळून पडला तर शाळेची कागदपत्रे वेळीच बदलून घ्यावीत.

दारावरचा शिपाई

तक्त्यातून निघालेले अक्षर थेट तुमच्या निबंधात जाते का? नाही. वाटेत एक शिपाई बसलेला असतो. त्याला खिडकी-व्यवस्थापक म्हणतात. पडद्यावर प्रत्येक प्रोग्रॅमची एक चौकट असते. तिलाच खिडकी म्हणायचे. आतला मजकूर त्या प्रोग्रॅमचा. पण बाहेरची चौकट, माथ्यावरची पट्टी, खिडकी हलवणे, लहानमोठी करणे हा कारभार व्यवस्थापकाचा. शाळेत आलेल्या टपालातून शिपाई मुख्याध्यापकांची पत्रे बाजूला काढतो आणि उरलेली वर्गावर्गांत देतो. तसाच हा व्यवस्थापक प्रत्येक कळ आधी स्वतः पाहतो. ऑल्ट-टॅब आली तर खिडकी बदलायची. साधा क आला तर तो समोरच्या खिडकीला द्यायचा. लिनक्सवर असे अनेक व्यवस्थापक मिळतात. ओपनबॉक्स हा त्यांतला एक जुना. त्याच्याच धर्तीचा लॅबडब्ल्यूसी ऑक्टोबर २०२४ पासून रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाच्या प्रणालीत आला आहे. दोघांच्याही आज्ञा एका फाइलीत ओळीओळीने लिहिलेल्या असतात: अमुक कळजोडी, अमुक काम.

इथे मराठी लिहिणाराला एक अडचण येते. ‘कंट्रोल-सी’ म्हणजे नक्कल घेणे. पण मराठीचा तक्ता चालू असताना ‘सी’च्या कळेतून म निघतो. ‘कंट्रोल-म’ असा हुकूम कोणी दिलेलाच नसतो! म्हणून काही प्रोग्रॅम अशा वेळी गप्प बसतात. यावर उपाय असा की, आज्ञा अक्षराशी न बांधता कळेच्या क्रमांकाशी बांधायची. तक्ता कोणताही असो, कळेचा क्रमांक बदलत नाही. लॅबडब्ल्यूसी आपल्या कळजोड्यांच्या बाबतीत आपणहून तसे करतो. मराठी टंकलेखन कंटाळवाणे आहे अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांचा खरा त्रास हाच असतो, असे मला वाटते.

शोभेविषयी थोडक्यात. रंग कोणते निवडायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, पण माथ्यावरच्या पट्टीतील अक्षरांचा आकार मराठीसाठी जपून निवडावा. रोमन अक्षरांपुरती नेमकी उंची ठेवली तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. ‘कृषी’मधला ऋकार गेला तर काय उरेल?

हाताच्या सवयीची बाब याहून महत्त्वाची. लॅबडब्ल्यूसीत कळ ६०० मिलिसेकंद दाबून ठेवली की तिची पुनरावृत्ती सुरू होते, सेकंदाला २५ वेळा. नव्याने शिकणाऱ्याचे बोट कळेवर रेंगाळते आणि ‘मिरची’च्या पुढे वेलांट्यांची माळ लागते. ६०० च्या जागी १००० लिहा, माळ थांबेल. डावखुऱ्या मुलाला माउसची डावी-उजवी बटणे अदलाबदल करून देता येतात. ज्याला एकच हात वापरता येतो, त्याने शिफ्ट धरून ‘एन’ कशी दाबावी? त्यासाठी ‘स्टिकी कीज’ ही सोय अनेक प्रणालींत असते. ती चालू केली की शिफ्ट दाबून सोडली तरी पुढच्या कळेपर्यंत तिचा अंमल टिकतो. वर्गात असा एखादा विद्यार्थी असेल तर ही सोय त्याच्यासाठी पहिल्याच दिवशी चालू करून द्यावी.

एक सावधगिरी. फाइल बदलण्यापूर्वी तिची एक प्रत दुसऱ्या नावाने ठेवा. मी एकदा आळस केला, एक खूण बंद करायला विसरलो, आणि माझ्या सगळ्या कळजोड्या निकामी झाल्या. एका वेळी एकच ओळ बदला, व्यवस्थापकाला फाइल पुन्हा वाचायला सांगा, परिणाम पाहा, मग पुढची ओळ.

करून पाहा : १) तुमच्या गावाच्या नावाला किती कळा लागतात व शिफ्ट किती वेळा, ते आधी कागदावर काढा आणि मग संगणकावर पडताळा. २) ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, तो २४१८ आहे. तुमच्या तक्त्यात हे अक्षर आहे का? नसेल तर शिफ्ट-व्हीवर पाहा. तिथे नुक्ता दिलेला ऩ असतो. मराठीत तो लागत नाही. शिक्षकांच्या मदतीने तक्त्यातली ती ओळ बदला आणि त्या जागी ‘ॲ’ बसवा.